धानोऱ्याचा ‘ऱ्या’

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय फॉन्टचा आहे, म्हणून लगेच खाली सरकू नका. जंगलाचाही आहे.

मागच्या आठवड्यात आपल्याच तालुक्यातल्या एका ग्रामसभेच्या खोलीत बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, शेजारच्या गावाशी हद्दीची बोलणी सुरू आहेत आणि माझ्या पोस्टमुळं त्यात काडी पडायला नको. प्रश्न साधा होता. नाल्याच्या पलीकडच्या जंगलात कुऱ्हाडबंदीचा ठराव गावानं पहिल्यांदा कधी केला? म्हातारी माणसं म्हणतात, लई जुना आहे. शेजारचं गाव म्हणते, तुम्ही हे सामूहिक वनहक्क मिळाल्यावर सुरू केलं. जुन्या ठरावांच्या वह्या होत्या, पण अर्ध्याअधिक उधईनं खाल्ल्या. एक बरं झालं होतं. मधल्या काळात कुणीतरी त्या वह्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवल्या होत्या. फायली आहेत. म्हणजे दोन मिनिटांचं काम.

ग्रामसभेचा हिशेब ठेवणारा पोरगा हुशार आहे, तेंदूपत्त्याचा सगळा हिशेब एकटा सांभाळतो. त्यानं फोल्डर उघडलं, शोधायच्या खिडकीत ‘कुऱ्हाडबंदी’ टाइप केलं, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा केलं. काहीच नाही. मग एक फाइल उघडून हातानं पानं सरकवत गेला, तर तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात ‘कुऱ्हाडबंदी’.

“भाऊ, दिसून तं राहिली. मंग सापडून काऊन नाही राहिली?”

त्या पोराला तिथं बसून जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो. मी काही इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा आणि वीस वर्षं बातम्या टाइप केल्याचा अनुभव, एवढीच माझी पदवी. पण हे अक्षरांचं दुखणं मी अंगावर काढलेलं आहे.

भानगड त्या ‘ऱ्ह’मध्ये आहे. आपल्या गावाचंच नाव घ्या. ‘धानोरा’ लिहिताना काही अडत नाही. पण ‘धानोऱ्यात पाऊस पडला’ लिहायचं झालं की ‘र’ला आडवी कोयत्यासारखी खूण लागते. वऱ्हाड, कुऱ्हाड, खोरं-खोऱ्यात, पोरगा-पोऱ्या, सगळीकडं तीच. मराठीत हा फरक नुसता शोभेचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोलगट जागा. आचार्यांना दिलेलं आणि आचाऱ्यांना दिलेलं, यात फरक असतोच ना? हिंदीला या खुणेची गरज पडत नाही. आणि आपली बहुतेक यंत्रं आधी हिंदी शिकून मग मराठीकडं आली आहेत.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात हा प्रश्न नव्हता. कंपोझिटरच्या खणांच्या पेटीत ‘ऱ्य’साठी लागणारा तुकडा असायचा, तो उचलून लावला की झालं. देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागायचे, डोळे आणि पाठ जायची, म्हणून ते कमी करण्याच्या खटपटी टिळकांच्या काळापासून झाल्या. पण अक्षर कुणाच्या परवानगीनं छापायचं, असा सवाल नव्हता. खिळे एकदा विकत घेतले की छापखान्याचे.

कॉम्प्युटर आल्यावर गंमत झाली. आणि गंमत अशी की सुरुवात चांगली झाली होती. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत देवनागरीवर काम झालं, तेच पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावानं वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. त्याआधी १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरवला होता, तोच जो आजही तुमच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप पडलेला असतो. १९८८ मध्ये आणि मग १९९१ मध्ये ‘इस्की’ नावाचं भारतीय मानक आलं. त्यातली कल्पना फार शहाणपणाची होती. अक्षराला एक क्रमांक द्यायचा. ‘क’चा क्रमांक एक, मग तो जाड दिसो, बारीक दिसो, कोणत्याही कंपनीच्या फॉन्टमध्ये असो. यंत्रानं क्रमांक लक्षात ठेवायचा, रूप नाही.

म्हणजे ज्या गोष्टीवर आपण पुढं पंचवीस वर्षं डोकं आपटलं, तिचं उत्तर सरकारी कागदावर आधीच होतं.

पण विंडोज आलं, डीटीपी आलं, पेजमेकर आलं. पेजमेकरला इंग्रजीखेरीज काही कळत नव्हतं. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी पळवाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. यंत्राला वाटायचं इंग्रजी लिहिलंय, माणसाला दिसायचं मराठी. एका फॉन्टला दोनशेच्या आसपास जागा मिळायच्या, त्यात काना, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरांचे तुकडे कोंबायचे. आणि कोणता तुकडा कुठं ठेवायचा, हे प्रत्येकानं आपापलं ठरवलं. कृतिदेवमध्ये ‘क’ हा इंग्रजी ‘डी’च्या जागेवर बसतो. दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये त्याच जागेवर भलतंच काही. श्रीलिपी, सी-डॅकचे योगेश-सुरेख, शिवाजी, प्रत्येकाचं घर वेगळं. एकात टाइप केलेलं दुसऱ्यात उघडलं की अक्षरांची खिचडी.

त्यांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. त्या फॉन्टवर मराठी वर्तमानपत्रं उभी राहिली, लग्नपत्रिकांपासून निवडणुकीच्या परचीपर्यंत सगळं छापलं गेलं. आणि सुंदर फॉन्ट होते ते. ‘ऱ्य’ही अगदी देखणा यायचा, कारण यंत्राच्या दृष्टीनं ते अक्षर नव्हतंच, नुसतं चित्र होतं. फक्त एक अट होती. ते चित्र पाहायला कंपनीचं सॉफ्टवेअर हवं, आणि सॉफ्टवेअर चालवायला कॉम्प्युटरच्या पाठीमागं एक कुलूप लावावं लागायचं. डोंगल म्हणायचे त्याला. अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा.

मी २००४ च्या सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी एका डीटीपीच्या दुकानात अर्धवेळ बसायचो, अर्धवेळ बातम्या करायचो. धानोरा, मुरूमगावकडच्या बातम्या हातानं लिहून एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाकीट द्यायचं आणि प्रार्थना करायची. तिकडं ऑपरेटर टाइप करणार. दुकानातलं ते डोंगल एका पावसाळ्यात वीज पडून जळालं. नवीन घ्यायला पैसे लागतात, मालकानं तीन महिने टाळलं. त्या तीन महिन्यांत आमच्याच हातानं टाइप केलेल्या फायली आम्हालाच वाचता येत नव्हत्या. त्यात दोन गावांची कागदपत्रंही होती. छापील प्रत होती म्हणून निभावलं. मी तेव्हा पंचविशीतला. राग आला, पण कशाचा राग आला हे नीट कळलं नव्हतं.

ते कळलं मेंढ्यात.

मेंढा (लेखा) आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, तुम्हाला काय सांगायचं. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, अठराशे हेक्टरांवर जंगल. आता जंगल गावाचं, तर बांबूही गावाचा असायला हवा. पण वाहतुकीचा परवाना मिळेना. कारण काय, तर १९२७ च्या कायद्यानं बांबूला झाडांत मोजलं होतं, झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि इमारती लाकूड वनविभागाचं. २००६ चा वनहक्क कायदा मात्र बांबूला गौण वनोपज म्हणतो. झाड की गवत, या एका शब्दावर सगळं अडलेलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. त्याआधीची कित्येक वर्षं याच भागातला बांबू कागद कारखान्याला सवलतीत जात होता आणि ज्याच्या घराला ताट्या लागतात त्याला पावती दाखवावी लागत होती.

तिथं उभा असताना माझ्या डोक्यात ते जळालेलं डोंगल आलं. आपलीच अक्षरं, आपल्याच गावाचा ठराव, आणि वाचायला परवाना दुसऱ्याचा. मला माहीत आहे की तुलना ओढूनताणून वाटेल. बांबू तोडला की संपतो, अक्षर संपत नाही. पण ताब्याचा प्रश्न तोच.

आता युनिकोडकडं येऊ. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच वहीत क्रमांक. देवनागरीसाठी त्यांनी १९८८ च्या आपल्या इस्कीचाच आराखडा घेतला, म्हणजे मूळ काम इथलंच. ‘क’चा क्रमांक २३२५. ‘र’चा २३५२. आणि त्याच्या शेजारचं घर, २३५३, हे ‘ऱ’चं. खाली टिंब असलेला र. याला हलन्त लावून पुढं ‘य’ लावला की ‘ऱ्य’ मिळतो. युनिकोडच्या ग्रंथात हा नियम सरळ लिहिलेला आहे आणि ही खूण मराठीत वापरतात हेही लिहिलं आहे. म्हणजे धानोऱ्याच्या ‘ऱ्या’ची नोंद तिकडं आहे बरं का.

पण एक जुनी सोयही ठेवली गेली. साधा ‘र’, हलन्त, मग एक अदृश्य चिन्ह (झिरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला, क्रमांक ८२०५), मग ‘य’. दिसायला दोन्ही सारखेच. भिंग लावून पाहिलं तरी फरक कळणार नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे ज्याला यातलं काहीच माहीत नाही तो र, हलन्त, ह असं टाइप करतो आणि त्याची ‘कुर्हाड’ होते, डोक्यावर रफार घेऊन. जुन्या फायली नव्या युनिकोडमध्ये बदलणारी जी साधनं आली, त्यांतल्या कुणी पहिली तऱ्हा धरली, कुणी दुसरी, कुणी तिसरी. म्हणून आजही मराठी वेबसाइटवर ‘शेतकर्यांना मदत’ असले मथळे दिसतात. शेतकऱ्याच्या डोक्यावर एवढी ओझी, त्यात हा एक रफार.

त्या ग्रामसभेच्या फोल्डरमध्ये या तिन्ही तऱ्हा होत्या. आणि चौथी, जुन्या फॉन्टमधली, जी उघडली की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

फुकटच्या, खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी यात काय केलं, हे आपल्याकडं फार कुणी सांगत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं हाक दिली की सॉफ्टवेअरचा आतला मजकूर सगळ्यांना वाचता, बदलता, वाटता आला पाहिजे. १९९१ मध्ये लिनक्स आलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईतली आणि इतर ठिकाणची पोरं-पोरी रात्री जागून लिनक्सचे मेनू मराठीत आणत होती, कळफलक बनवत होती. २००४ मध्ये रेड हॅटनं ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुल्या परवान्यानं दिले. ते मुळात श्रीलिपीवाल्या पुण्याच्या मॉड्युलरनंच तयार केले होते! रेड हॅट म्हणून लोहित, नाव ठेवणाऱ्याला सलाम. केंद्र सरकारनंही २००५ पासून एकेका भाषेच्या फॉन्टच्या फुकट सीड्या वाटायला सुरुवात केली. मराठी विकिपीडिया तर २००३ पासूनचा.

आता खरं सांगतो. लोहित दिसायला मला तेव्हाही आवडला नाही, आताही नाही. वर्तमानपत्रांनी तो घेतला नाही यात नवल नाही. आणि खुल्या सॉफ्टवेअरचा खरा शत्रू महागडं सॉफ्टवेअर नव्हताच, चोरीचं सॉफ्टवेअर होता. चोरून टाकलेलं विंडोज, कुलूप तोडलेला फॉन्ट, तीस रुपयांची सीडी. फुकटच मिळतंय तर खुलं कशाला? आम्ही सगळ्यांनी हेच केलं. मीही केलं. केरळनं याच काळात सरकारी शाळांत लिनक्स नेलं, शिक्षकांना शिकवलं. आपल्याकडं २००१ पासून एमएस-सीआयटी गावोगाव गेलं, चांगलंच झालं, माझ्याही घरात दोन प्रमाणपत्रं आहेत. पण त्यातून पिढीच्या पिढी हेच शिकली की कॉम्प्युटर म्हणजे एका कंपनीचे मेनू.

विंडोजमध्ये देवनागरी आली २००० साली, ‘मंगल’ फॉन्टसह. तो रेखाटणारे र. कृ. जोशी आपले मराठी, कवीही. तरी त्यातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्य सरकारला मराठी वर्णमालेवर शासन निर्णय काढून ल आणि श कसे हवेत ते सांगावं लागलं. ‘ॲ’चीही तीच कथा, युनिकोडमध्ये त्याला घर मिळालं थेट २००८ मध्ये. तोवर ‘ॲडव्होकेट’ला काय काय कसरती करून लिहायचो, वकील मंडळी सांगतील.

मग मोबाइल आला आणि सगळं धुऊन गेलं. आज ग्रामसभेची सूचना व्हॉट्सॲपवर मराठीत येते, आजी नातवाला बोलून मेसेज टाकते. कळफलक फुकट, टाइप करणं सोपं. म्हणून काही जण मला म्हणतात, भाऊ, जुनं काय उगाळत बसले. माझं म्हणणं एवढंच की फुकट आणि आपलं यांत फरक आहे. गुगलचं विंडोजवर मराठी टाइप करायचं साधन आठवते? निम्मी सरकारी ऑफिसं त्यावर चालायची. काही वर्षांनी गुगलनं ते देणं थांबवलं. मग जुनं इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरू लागलं, गावठी औषधाच्या पुडीसारखं. इनस्क्रिप्ट तिथंच होता, प्रत्येक यंत्रात. त्यावर शिफ्ट धरून जे दाबलं की ‘ऱ’ येतो. शिकायला आठवडा लागतो. शिकवलं कुणी?

सरकारचं धोरण कागदावर वाईट नाही. २०१० मध्ये केंद्रानं खुल्या मानकांचं धोरण आणलं, २०१५ मध्ये सरकारी कामात खुलं सॉफ्टवेअर वापरायचं धोरण आणलं. तरीही माहितीच्या अधिकारात अर्ज केला की उत्तर येतं स्कॅन केलेल्या, तिरप्या, पुसट पानांच्या पीडीएफमध्ये. त्यात शोधायचं काय आणि कसं? कॉम्प्युटरवर टाइप केलेलं पत्र छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा फोटो काढून पाठवतात. हे कोणत्या धोरणात बसतं, मला कुणी सांगावं.

आणि आता ती गोष्ट, जी मला जास्त टोचते. मराठीचं दुखणं निदान बरं होत आलं. या तालुक्यातली मोठी बोली भाषा गोंडी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २९ लाखांवर लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली. डोगरी, मणिपुरी, बोडो बोलणारे यापेक्षा कमी आहेत, पण त्या आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. २०१६ मध्ये मोबाइलवर भारतीय भाषा दिसल्याच पाहिजेत असं भारतीय मानक आलं, तेही अनुसूचीतल्या २२ भाषांसाठीच. गोंडी त्या यादीतून आपोआप बाहेर. संताली २००३ च्या घटनादुरुस्तीनं अनुसूचीत गेली, तिची ओल चिकी लिपी २००८ मध्ये युनिकोडमध्येही आली.

गोंडीच्या लिप्या युनिकोडमध्ये आहेत, बरं. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी २०१७ मध्ये आली. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात हस्तलिखितं सापडली, ती लिपी २०१८ मध्ये आली. दोन्हींचे खुले फॉन्ट ‘नोटो’ मालिकेत फुकट मिळतात. म्हणजे घर नंबर मिळाला, घर बांधलं, पण रस्ता नाही. आपल्याच तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. तिला मान्यता आहे की नाही यावर केवढी पत्रापत्री झाली, ते तुम्ही वाचलंच आहे. त्या लेकरांनी मोठं होऊन ग्रामसभेचा ठराव गोंडीत टाइप केला, तर तो तहसीलच्या कॉम्प्युटरवर उघडेल का? आज चौकोन दिसतील. २००४ मध्ये मला दिसले होते तसेच.

तर, त्या दिवशीचं काय झालं. आम्ही दोघं रात्री आठपर्यंत बसलो. मधे दोनदा लाइन गेली. सगळ्या युनिकोड फायलींत अदृश्य चिन्हवाला ‘ऱ्ह’ आणि रफारवाला ‘र्ह’ शोधून एकच तऱ्हा केली. लिब्रेऑफिस टाकून दिलं, फुकट आहे आणि कुलूप नाही. पोरानं ‘ऱ’ची कळ पाठ केली. पुन्हा ‘कुऱ्हाडबंदी’ शोधलं, तर सात ठिकाणी सापडलं. सगळ्यांत जुना ठराव २००३ च्या पोळ्यानंतरच्या सभेतला. म्हणजे वनहक्क कायद्याच्याही आधीचा. पाटील आजा शेजारी बसले होते, ते फक्त म्हणाले, “मी तं सांगूनच राहिलो होतो.”

पण ज्या चार फायली जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांवर १९९८ ते २००१ असं लिहिलंय. त्या अजून बंदच आहेत. दुकानदारांना दाखवल्या, दोघांना ओळखता आल्या नाहीत. मजकुराच्या चालीवरून मला तो फॉन्ट त्या काळी आपल्या जिल्ह्यातल्या डीटीपीच्या दुकानांत चालायचा तोच वाटतो. तुमच्यापैकी कुणी तेव्हा टायपिंगचं दुकान चालवत होतं का? जुनी सीडी, फ्लॉपी, बंद पडलेला कॉम्प्युटर, काहीही घरात पडलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला मेसेज करा. शेजारच्या गावासोबतची बैठक पुढच्या महिन्यात आहे.